हळदीचा डीजे : बेस पास, माईक नापास

मुंबईत हळदीला डीजे सांगणं आता मांडव सांगण्याइतकंच नेहमीचं झालंय. परळ-लालबागच्या चाळी, वरळी-वर्सोव्याचे कोळीवाडे, विक्रोळी-भांडुपच्या वसाहती, कुठेही जा, पॅकेज साधारण सारखंच: दोन टॉप (वरच्या पट्टीचे स्पीकर), दोन बेस (खर्जाचे स्पीकर), चार पार लाइट (रंगीत दिवे), एखादी शार्पी (बारीक झोताचा फिरता लाइट), धुराचं मशीन, डीजे आणि माईकवर बोलणारा एक माणूस. घासाघीस होते ती टॉप-बेसच्या आकड्यावर आणि लाइटवर. स्पीकरमधून नेमकं काय वाजणार, याची चौकशी 'मामांची फर्माईश लावाल ना?' इथेच संपते.

हे परीक्षण एका कुठल्या डीजेचं नाही, या पॅकेजचं आहे. त्यात न विचारलेला भागही धरला आहे, कारण या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू तिथेच सापडते. समलिंगी माणसं, 'बायकी' म्हणून हिणवले जाणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांची टर उडवणारी गाणी, मध्येच टाकलेले तयार आवाज (ड्रॉप) आणि माईकवरचे टोमणे कोणी मागवलेले नसतात. पॅकेजमध्ये ते फुकट येतात, जसं बिर्याणीबरोबर कांदा-लिंबू.

आधी जमेची बाजू. आवाजाला दहापैकी आठ द्यायला हरकत नाही. 15 इंची टॉप आणि 18 इंची बेस आता बहुतेकांकडे बऱ्या अवस्थेत असतात, फाटलेल्या कोनची घरघर पूर्वीसारखी ऐकू येत नाही. चाळीच्या गल्लीला किंवा इमारतीखालच्या अंगणाला दोन बेस पुरतात. चार मागवले की दोन भिंतींमध्ये आवाज गढूळ होतो आणि ढोलकी कुठे, ताशा कुठे, काही कळेनासं होतं. जाणता ऑपरेटर दोन्ही बेस एका टोकाला शेजारी-शेजारी ठेवतो आणि टॉप स्टँडवर माणसाच्या डोक्याच्या वर चढवतो. शोभेसाठी एक बेस या कोपऱ्यात आणि एक त्या कोपऱ्यात ठेवला की मधल्या पट्ट्यात तो छातीत बसतो, आणि दोन पावलं बाजूला सरकलात की गायब. हे दिसलं तर वाजायच्या आधीच हलवायला सांगा. नाचणारे आल्यावर कोणी हलवत नाही.

वेळेचं गणित मात्र सगळ्यांसाठी एकच. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावू देत नाहीत, वर्षातले मोजके सवलतीचे दिवस सोडले तर. निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, म्हणजे दोन माणसांच्या गप्पांएवढी. ती कुठलाच डीजे पाळत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण दहाचा काटा बहुतेकांना पाळावा लागतो. नवऱ्याचे मित्र ऑफिस सुटून, लोकलचे धक्के खाऊन नऊला उगवतात. म्हणजे खरा फ्लोअर मिळतो नऊ ते दहा. त्या साठ मिनिटांत डीजे तीस-पस्तीस गाणी कोंबतो, एकेक जेमतेम पावणेदोन-दोन मिनिटं. पुढचं सगळं या घाईतून सुरू होतं.

हळदीचा पाया म्हणजे कोळीगीतं आणि आगरी गाणी. त्यांचा ठेका सहा मात्रांचा, झुलणारा. मित्रमंडळींना हवी असतात हिंदी-पंजाबी गाणी आणि रॅप, म्हणजे सरळ चार मात्रा. सहातून चारात जाताना बीट जुळवायचं सॉफ्टवेअरचं बटण कामाला येत नाही. बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती मात्रा याचा, आकडा जुळला तरी झोका जुळत नाही आणि नाचणाऱ्यांची पावलं अडखळतात. कसलेला डीजे इथे आठ मात्रांचा नुसता ढोल-ताशाचा लूप मध्ये टाकतो किंवा आधीच्या गाण्याला एको देऊन ते विरघळवतो आणि नवं गाणं 'एक'वर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सोडतो. कच्चा डीजे दाबतो ड्रॉपचं बटण. ड्रॉप म्हणजे दोन-तीन सेकंदांचा तयार आवाज. लोक दचकतात, हसतात, तेवढ्यात सांधा झाकला जातो.

खरी गोम इथे आहे. सॉफ्टवेअरच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे तयार आवाज भरून ठेवायच्या भागात, साधारण आठ पॅड (बटणं) असतात. बाजारात हातोहात फिरणाऱ्या आवाजांच्या तयार संचांमध्ये ते असे भरलेले सापडतात: हॉर्न, सायरन, बंदुकीची फैर, डीजेचं नाव, शिट्टी, एखादा सिनेमातला डायलॉग, आणि मग तृतीयपंथीयांची सपाट टाळी आणि बायकी काढलेल्या आवाजातलं 'हाय हाय' किंवा 'अय्या'. हा आवाज कुणा बाईचा नसतो. पुरुषाचाच आवाज तीन-चार सेमीटोन वर चढवलेला असतो, नीट ऐकलं तर श्वासही खारीसारखा चिरका लागतो. ढोबळ मानाने सांधा जितका वाईट, तितकी टाळी जास्त. तेव्हा एका तासात टाळीचा पॅड आठ-दहा वेळा ऐकू आला तर समजा, डीजेला ठेका बदलता येत नाही. विनोदाची हौस दुय्यम, आधी हात कच्चा आहे.

यात मराठी पाणीही आहे. नाच्या म्हटलं की अजून गणपत पाटील आणि त्यांचं 'आत्ता गं बया' आठवतं. तमाशातला नाच्या हा कसबी माणूस. सोंगाड्याला टेकू द्यायचा, वगात खटका कुठे मारायचा ते जाणायचं, तालाला पक्कं असायचं. सॅम्पलरने त्यातला सूर तेवढा कापून घेतला आणि कसब तिथेच सोडलं. रंगमंचावर जे एका पात्राचं बोलणं होतं, ते फ्लोअरवर समोर नाचणाऱ्या कुणाही मुलावर नेम धरून मारायचं ढेकूळ झालं.

आता गाणी. थेट शिवी असलेली गाणी हळदीला कमीच वाजतात, घरात आत्या-मावश्या असतात. जास्त वाजतात ती आडून मारणारी. मित्र दारू पीत नाही, पोरगी पटवत नाही, म्हणजे तो 'मीठा', अर्थात समलिंगी. दोन मित्र गळ्यात गळे घालतात म्हणजे 'शक' आलाच. एखादा नाजूक चालतो, तर मागून बासरी किंवा पिंगपिंग वाजणारा सिंथ. शब्दही नाही, नुसता इशारा. अशी ओळ बहुतेक वेळा हूकमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या, तोंडात बसणाऱ्या भागात, किंवा हूकच्या तोंडाशी असते, कारण तिथे टाळी मिळते. तीन मिनिटांच्या गाण्यात हूक तीन-चारदा येतो. डीजे अंतरे उडवतो आणि हूकच वाजवतो. म्हणजे मूळ गाण्यात दहा टक्के असलेली टर डीजेच्या कापलेल्या रूपात तिसरा हिस्सा व्यापून बसते. गीतकार 'संदर्भ बघा' म्हणत असेलही, पण संदर्भ अंतऱ्यात होता आणि अंतरा तर उडाला.

सगळंच सरसकट कापा, असं मात्र आमचं म्हणणं नाही. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये तय्यब अलीच्या दाराशी जो गोंधळ घातला जातो, त्यात तृतीयपंथी आहेत, टाळ्याही आहेत. पण ते प्रेमिकांच्या बाजूने उभे आहेत आणि टर उडते ती आडव्या येणाऱ्या बापाची. ते गाणं खुशाल वाजवा. 2008 च्या 'दोस्ताना'तलं, आईचा लाडका बिघडला म्हणणारं गाणं काठावरचं आहे. ऐकायला मजेदार, आईच्या धास्तीवर बेतलेलं. पण हळदीत ते वाजतं कधी, हे बघावं लागतं. माईकवाला नवऱ्याच्या दोन अविवाहित मित्रांना ओढून मध्ये आणतो आणि मग हे गाणं लागतं. गाण्याचा दोष निम्मा, लावणाऱ्याचा निम्मा. काकांनी वहिनीचा गाऊन चढवून नाचणं हेही हळदीतलं जुनं सोंग आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. मुंबईत पुरुषांनी साडी नेसून केलेल्या लावणीला लोक तिकीट काढून जातात आणि शिट्ट्या मारतात त्या नाचाला. निवाडा करायची पट्टी सोपी आहे: हसू नाचण्यावर येतंय की माणसाच्या असण्यावर?

'मग ॲपमधला फिल्टर लावू' असं काही डीजे सांगतात. त्याला दहापैकी दोन. स्ट्रीमिंग ॲपवर गाण्यापुढे जो 'ई' दिसतो, ती खूण गाणं चढवणारी कंपनी किंवा वितरक लावतो, ॲप प्रत्येक ओळ ऐकून ती लावत नाही. ती असते शिव्या, लैंगिक वर्णन आणि हिंसेसाठी. 'मीठा' ही शिवी नाही, तेव्हा खूण नाही. स्वतःच्या चॅनलवर गाणी सोडणारे अनेक हिंदी-मराठी रॅपर खूण लावायच्या भानगडीतच पडत नाहीत. सिनेमातलं गाणं निदान सेन्सॉर बोर्डासमोरून जातं, युट्यूबवर थेट आलेल्या खासगी गाण्याला तोही उंबरठा नाही. आणि 'क्लीन' रूपात इंग्रजी शिवी गप्प केलेली असते, टर तशीच.

शब्द शोधून गाळायचं म्हटलं तर आणखी फजिती. 'छक्का' टाका, क्रिकेटची गाणी पुढे येतात. 'मीठा' टाका, निम्मी प्रेमगीतं उडतात. शिवाय पेनड्राइव्हमधल्या फाइलींची नावं इंग्रजी लिपीत आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. शेवटी कानानेच ऐकावं लागतं. तीनशे गाण्यांच्या हळदी-फोल्डरमधली संशयित वीस-पंचवीस वेगळी काढायला एक दुपार लागते, त्याहून जास्त नाही.

बाहेरच्या देशांत हा वाद जुना आहे आणि त्यातून शिकण्यासारखंही आहे. डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 1985 च्या 'मनी फॉर नथिंग'मध्ये समलिंगी पुरुषांसाठीची शिवी आहे, गाण्यातल्या एका पात्राच्या तोंडी. जानेवारी 2011 मध्ये कॅनडाच्या प्रसारण मानक परिषदेने तो शब्द असलेलं रूप रेडिओवर नको असा निर्णय दिला. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परिषदेने ते स्टेशनांच्या विवेकावर सोडलं. बीबीसी रेडिओ 1 ने डिसेंबर 2007 मध्ये 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' या नाताळच्या गाण्यातला तसाच शब्द दाबला, टीका होताच त्याच दिवशी परत आणला आणि 2020 मध्ये पुन्हा बदललेलं रूप लावलं. या दोन्ही गाण्यांत निदान पात्र आहे, प्रसंग आहे. जमैकाचा गायक बुजू बँटन याचं 'बूम बाय बाय' त्यांच्या पंक्तीतलं नाही. 1992 च्या त्या गाण्यात समलिंगी पुरुषांना गोळ्या घालायचीच भाषा होती. जगभर निदर्शनं झाली, कार्यक्रम रद्द झाले आणि 2019 मध्ये त्याने स्वतः ते आपल्या गाण्यांतून काढून टाकलं, पुन्हा गाणार नाही म्हणाला. आपल्याकडच्या डान्सहॉल (जमैकाच्या नाचाच्या संगीताच्या) मिक्सना हे लागू होतं. कलाकाराने गाणं मागे घेतलं, तरी जुना मिक्स हार्ड डिस्कवर पडूनच असतो. वर्षातून एकदा डिस्क झाडणारा डीजे विरळाच.

आता माईक. सगळ्या पॅकेजमधला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारा भाग. माईकवाल्याचं काम खरं तर तीन वाक्यांचं: नवरदेवाला बोलवा, जेवण सुरू झालंय सांगा, गाडी काढा. उरलेला वेळ तो गर्दीवर बोलून भरतो. 'ए गुलाबी शर्ट, जरा कमी लचक!' गुलाबी शर्टवाला हा बहुतेक वेळा फ्लोअरवरचा सगळ्यात चांगला नाचणारा असतो, म्हणून तर तो नजरेत भरतो. गोल उघडतो, चारजण मनगट वाकवून दाखवतात, तोही हसतो, कारण न हसून करणार काय. दोन गाण्यांनी तो मांडवाच्या खांबापाशी खुर्चीवर मोबाइल बघत बसलेला दिसतो. डीजेच्या हिशेबाने फ्लोअर तापला. प्रत्यक्षात ज्याला बघून बाकीचे पावलं उचलत होते, तोच गेला. पुढच्या दहा मिनिटांत घोळका विस्कटतो आणि डीजे आवाज वाढवतो.

समोर दहा-बारा वर्षांची पोरंही असतात. त्यांना शब्दाचा अर्थ लागत नाही, त्याची गरजही नसते. चाल, शब्द आणि वाकवलेलं मनगट एकत्र पाठ होतं, कारण हूकची रचनाच पाठ होण्यासाठी केलेली असते. सोमवारी शाळेच्या रिक्षात तोच हूक आणि तेच मनगट कुणासमोर तरी केलं जातं. तो कुणीतरी समलिंगी असेल किंवा नसेलही. नाजूक आवाजाचा, कबड्डीत न घेतलेला, चित्रकलेच्या वहीत रमणारा, कोणीही चालतं. गाण्यांना समलिंगी, तृतीयपंथी आणि नुसता हळवा मुलगा यांत फरक करता येत नाही, आणि त्यांच्यावर वाढलेल्यांनाही मग करता येत नाही. चिडवणं थांबवायचा सोपा मार्ग पोरगा स्वतःच शोधतो: नाचणं बंद, खांदे ताठ, आवाज जाड. बारशाला नाचलेला मुलगा दहावीपर्यंत भिंतीला टेकून उभा राहायला लागतो, आणि घरचे म्हणतात, मोठा झाला.

कायद्याची भाषा मात्र केव्हाच बदलली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 सैल केलं, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ते परत आवळलं आणि 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि पारलिंगी असण्यावरून होणारा छळ घातला. म्हणजे माईकवरचं जे वाक्य हळदीत 'मजा' असतं, तेच नवऱ्याच्या त्याच मित्रांनी हॉस्टेलमध्ये सारखं ऐकवलं तर रॅगिंगमध्ये बसतं. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यात शाब्दिक छळालाही सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आली. आणि हे घडतंय मुंबईत, जिथे 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचं नियतकालिक 1990 मध्ये निघालं आणि हमसफर ट्रस्ट 1994 पासून याच लोकांसाठी काम करतो. गंमत अशी की रात्री ज्यांच्या टाळीचा पॅड दहा वेळा दाबला, तेच सकाळी दारात आले की घरातली मोठी बाई डोक्यावर पदर घेऊन नारळ-तांदूळ आणि नोट पुढे करते, नवरा-नवरीला हात ठेवायला लावते.

दुरुस्ती अवघड नाही, खर्चिक तर नाहीच. डीजेसाठी पहिली सूचना अशी की शब्द म्यूट करू नका. एका शब्दाची रिकामी जागा सोडली की अख्खी गर्दी तो शब्द ओरडून भरते, मूळ गाण्यापेक्षा मोठ्याने. उडवायची ती पूर्ण ओळ. 100 बीपीएमला एक मात्रा 0.6 सेकंदाची, चार मात्रांचा एक बार 2.4 सेकंदांचा, दोन बारांची ओळ 4.8 सेकंदांची. ओळीच्या पहिल्या मात्रेवर एक हॉट क्यू (बटण दाबताच उडी मारायची खूण), ओळ संपल्यानंतरच्या 'एक'वर दुसरा. पहिला आला की दुसरा दाबायचा, क्वांटाइझ, म्हणजे उडी आपोआप मात्रेवर बसवणारी सोय, चालू ठेवायचं, म्हणजे बोट थोडं पुढे-मागे झालं तरी उडी मात्रेवरच पडते. दोन बार उडाल्याने आठ बारांचा चौक सहाचा होतो आणि नाचणाऱ्यांचं वळण चुकतं. म्हणून जिथे वळण पक्कं आहे तिथे उडी न मारता आधीच्या दोन बारांचा लूप एकदा जास्त फिरवा आणि मग उडी घ्या. बेरीज आठच राहते.

दुसरा रस्ता स्टेम्सचा. सेराटो, व्हर्च्युअल डीजे, रेकॉर्डबॉक्स, तिन्हींच्या अलीकडच्या आवृत्त्यांत गाण्यातला गळा आणि वाद्यं वेगळी करता येतात. ओळीपुरता गळा बंद, ठेका चालू, वरून ताशाचा लूप. कानाला खटकत नाही. पण दोन गोष्टी बिघडतात. फाइल 128 केबीपीएसची, म्हणजे हलक्या दर्जाची, कुठूनतरी उतरवलेली असेल तर गळा पूर्ण निघत नाही, पाण्याखालून बोलल्यासारखा भुतासारखा मागे राहतो. आणि जुन्या 4 जीबीच्या लॅपटॉपवर ऐन वेळी स्टेम्स काढायला गेलात तर आवाज तुटतो, कधी लॅपटॉपच झोपतो. गाणी घरीच ॲनालाइज करून, शक्यतो बदललेली फाइल वेगळी रेकॉर्ड करून आणा. 'स्वच्छ' नावाचं फोल्डर करून त्यातूनच वाजवा, मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवूच नका. फर्माईश आली की घाईत मूळ फाइलच उघडली जाते, नेहमीची चूक. सेन्सरचं बटण, म्हणजे शब्द उलटा वाजवणारं, त्यापासून लांब राहा. त्याने नेमकं त्याच जागी सगळ्यांचं लक्ष जातं.

बुक करणाऱ्यांसाठी एवढंच पुरे: ॲडव्हान्स देण्याआधी सॅम्पलरचे सगळे पॅड वाजवून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. टाळी आणि 'हाय हाय' ऐकू आलं की तिथल्या तिथे काढायला लावा आणि त्या जागी नाशिक ढोलाचा लूप टाकायला सांगा. मग कोळीगीतावरून पंजाबी गाण्यावर जाऊन दाखवायला सांगा, ड्रॉप न वापरता. जो इथे अडखळला, तो नऊ ते दहामध्ये पॅडच दाबत बसणार. पूर्ण यादी मागून उपयोग नाही, डीजे तीनशे नावं पाठवतात आणि कोणी वाचत नाही. त्यापेक्षा 'मॅशअप' आणि 'रॅप' ही दोन फोल्डरं मागा, घाण बहुधा तिथेच साचलेली असते.

कोटेशनवर, म्हणजे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या त्या फोटोवर, हाताने लिहून घ्यावं: 'माईकवरून पाहुण्यांच्या कपड्यांवर, चालण्यावर, लग्न न होण्यावर बोलायचं नाही. टाळीचा आणि बायकी आवाजाचा ड्रॉप नाही.' शेवटचा हप्ता कार्यक्रमानंतर द्यायचा ठरवलात तर हे पाळलं जातं, एरवी नाही. घरातल्या एका माणसाला डीजेजवळ उभं करा, ज्याचं डीजे ऐकेल असा. वीस वर्षांच्या करवलीला उभं केलंत तर तिला 'ताई, एन्जॉय करा' ऐकावं लागतं. मोठा मामा बरा, फक्त तो स्वतः फर्माईश घेऊन येणारा नसावा.

काही डीजे अशा बदलांचे 'एडिटिंग चार्ज' म्हणून वेगळे पैसे मागतात. पाच-दहा गाण्यांची मागणी असेल तर हजारभर रुपये देणं गैर नाही, त्याची दुपार जाते. टाळीचा पॅड काढायचे पैसे मागितले तर दुसरा डीजे बघा. 'पब्लिकला हेच लागतं' म्हणणाऱ्यालाही हात जोडा. त्याला पब्लिक कळत नाही, त्याला फक्त मागच्या हळदीत काय वाजवलं ते आठवतं.

या सगळ्यावर एक जुना पर्याय आहे आणि आमचा कल तिकडे आहे: बेंजो पार्टी. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल, ताशा. गळा नाही, म्हणजे शब्दच नाहीत. चाल तीच वाजते, पण ओळ ज्याला म्हणायची त्याने मनात म्हणावी. सहातून चारात जाणं हा तर बेंजोवाल्यांचा हातखंडा. ताशावाला एका तोड्यात फिरवतो, डीजेला आयुष्यभर जमत नाही असं. आवाजाची मर्यादा आणि दहाचा काटा त्यांनाही लागू, लाइट वेगळे सांगावे लागतात, आणि माणसं दहा-बारा असल्याने जेवणाची पानं वाढतात. वाजवण्याला दहापैकी नऊ. एक गुण कापला तो इथे: हल्ली बेंजोबरोबरही कॉर्डलेस माईक घेऊन एक अनाउन्सर येतो. त्याला नको म्हणून सांगा, बिलातून त्याचे पैसे कमी करून घ्या.